नमुना महोत्सवाचा पर्यावरणीय ताळेबंद : प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२५

मोठ्या संगीत महोत्सवांच्या आयोजकांना पर्यावरणाच्या दृष्टीने नियोजन करता यावे, यासाठी एक हिशेबवही आणि तिच्या जोडीला एक मार्गदर्शिका तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले. प्रत्यक्षातला कोणताही एक महोत्सव समोर न ठेवता आम्ही एक नमुना महोत्सव कल्पिला आहे. मोकळे मैदान, तीन दिवसांचा कार्यक्रम, ५०,००० श्रोते, त्यांपैकी बहुतेकांचा मुक्काम तंबूत आणि मैदानावर विजेची कायमची जोडणी नाही, असे त्याचे स्वरूप धरले आहे. आकडे कल्पित असले तरी त्यांच्यातली प्रमाणे खरी राहिली पाहिजेत, एवढे पथ्य पाळायचे आहे.

पहिला वाद हद्दीवरून झाला. ब्रिटनमधील महोत्सव उद्योगाने २०१५ साली काढलेल्या एकत्रित अहवालात तेथील महोत्सव वर्षाला सुमारे ५० लाख लिटर इंधन जाळतात आणि २३,५०० टन कचरा निर्माण करतात, असा अंदाज दिला होता. पण त्याच अहवालाने हेही सांगितले होते की श्रोत्यांचा प्रवास हिशेबात धरला, तर एकूण उत्सर्जनात त्याचा वाटा ८० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे कुंपणाच्या आतले सारे काही निर्दोष केले, तरी मोठा भाग शिल्लकच राहतो. कोल्डप्ले या वाद्यवृंदाने जून २०२४ मध्ये आपल्या दौऱ्याचे उत्सर्जन २०१६-१७ च्या दौऱ्याच्या तुलनेत प्रत्येक कार्यक्रमामागे ५९ टक्क्यांनी घटल्याचे जाहीर केले. हे काम मोठेच आहे. मात्र तो आकडा कार्यक्रमाची उभारणी, मालवाहतूक आणि कलाकार-कर्मचाऱ्यांचा प्रवास यांच्यापुरता आहे, श्रोत्यांच्या प्रवासाचा नाही. कोणताही आकडा वाचताना त्याची हद्द आधी पाहावी लागते, ती अशी.

श्रोते कसे येतात यावर आयोजकाचे नियंत्रण नसते, तेव्हा ते त्याच्या माथी मारू नये, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे होते. मला ते पटले नाही. मैदान कोणते घ्यायचे, शेवटचा कार्यक्रम किती वाजता संपवायचा, वाहनतळाचा आकार केवढा ठेवायचा आणि तिकीट कोणाला आधी विकायचे, हे सारे ज्याच्या हातात आहे त्याच्याइतके नियंत्रण दुसऱ्या कोणाकडे असणार? हिशेबवहीची पहिली ओळ श्रोत्यांच्या प्रवासाची असेल, असे ठरले.

२१ जानेवारी २०२५

प्रवासाची ओळ भरून पाहिली. ५०,००० श्रोत्यांपैकी ३०,००० जण मोटारीने, १५,००० बसने, ४,००० रेल्वेने आणि १,००० विमानाने येतात, असे गृहीत धरले. जमिनीवरून येणाऱ्यांसाठी एका बाजूचे सरासरी अंतर १२० किलोमीटर आणि विमानाने येणाऱ्यांसाठी १,५०० किलोमीटर घेतले. मोटारीचे उत्सर्जन दर किलोमीटरला ०.१७ किलो, भरलेल्या बसचे दर प्रवासी-किलोमीटरला ०.०३ किलो, रेल्वेचे ०.०३५ किलो आणि विमानाचे, उंचावरील इतर परिणाम न धरता, ०.१५ किलो असे ठोकळ दर ठेवले.

एका मोटारीत सरासरी दोन माणसे असतील, तर मोटारींचा हिशेब ६१२ टन कार्बन डायऑक्साइडवर जातो. बसचे १०८ टन होतात आणि रेल्वेचे ३४. विमानाने आलेल्या हजार जणांचे मात्र ४५० टन होतात. शंभरातली दोन माणसे एकूण प्रवासाच्या उत्सर्जनातला सदतीस टक्के भार उचलतात, आणि हे गुणोत्तर कागदावर उतरेपर्यंत आमच्यापैकी कोणालाही इतके तीव्र वाटले नव्हते.

दुसरी गोष्ट मोटारीतल्या माणसांची. दोनाऐवजी तीन जण बसले, तर ६१२ टनांचे ४०८ होतात. एकही नवी बस न लावता, कोणतेही नवे यंत्र न आणता २०४ टन वाचतात. तुलनेसाठी सांगायचे तर एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ही बचत मैदानावर ७६,००० लिटर डिझेल न जाळण्याइतकी आहे.

३० जानेवारी २०२५

प्रवासाच्या ओळीवर उपाय लिहिताना प्रत्येक उपायापुढे ‘निर्णय कधी घ्यावा लागतो’ असा एक रकाना जोडला, आणि त्या रकान्यानेच आजची चर्चा खाल्ली. बसचे आसन तिकिटातच धरायचे असेल, तर ते तिकीटविक्री सुरू होण्याआधी ठरवावे लागते; विक्री झाल्यावर वेगळे बसतिकीट घ्या असे सांगितले, तर ज्यांच्याकडे मोटार आहे ते घेत नाहीत. वाहनतळाचे शुल्क माणसामागे न आकारता वाहनामागे आकारायचे आणि चार जणांच्या मोटारीला सूट द्यायची, तर ते तिकिटाच्या अर्जातच असायला हवे.

ब्रिस्टल येथे २५ ऑगस्ट २०२४ रोजी मॅसिव्ह अटॅक या वाद्यवृंदाने जो एक दिवसाचा कार्यक्रम केला, तो या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. टिंडल सेंटर या हवामानबदल संशोधन संस्थेकडून त्यांनी संगीत-कार्यक्रमांच्या उत्सर्जनकपातीचा आराखडा करून घेतला होता आणि तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार या कार्यक्रमात आसपासच्या भागात राहणाऱ्यांना तिकिटे आधी विकली गेली, कार्यक्रम सुटल्यावर परतण्यासाठी जादा रेल्वेगाड्यांची सोय झाली, रंगमंचाला बॅटरीवरची वीज मिळाली आणि खाद्यपदार्थ पूर्णपणे वनस्पतीजन्य होते. या चारांपैकी बॅटरीची छायाचित्रे सर्वाधिक फिरली, पण मला आधीच्या तिकीटविक्रीचे कलम जास्त मोलाचे वाटते, कारण लांबून येण्याचा प्रवास त्याने मुळातच टळतो. ऑस्लोच्या ओया महोत्सवाचेही तसेच आहे. तो शहरातल्या उद्यानात भरतो, बहुतेक श्रोते पायी, सायकलने किंवा सार्वजनिक वाहतुकीने पोहोचतात आणि वीज शहराच्या जाळ्यातून मिळते. यातले पुष्कळसे श्रेय जागेच्या निवडीला जाते.

शेवटच्या गाडीचा मुद्दा एका ओळीत नोंदवून ठेवतो. शेवटची रेल्वे साडेअकराला सुटत असेल आणि मुख्य कलाकार बाराला थांबत असेल, तर त्या महोत्सवाने श्रोत्यांना मोटार घेऊन या असेच सांगितल्यासारखे आहे, मग जाहिरातीत काहीही छापलेले असो.

१२ फेब्रुवारी २०२५

विजेचा भाग सुरू केला. हा विषय सर्वांनाच आवडतो, आणि त्यामुळे त्यात भाबडेपणाही जास्त शिरतो.

मैदानावर जनरेटर किती क्षमतेचा आणायचा, हे कसे ठरते ते पाहिले. ध्वनियंत्रणेचा पुरवठादार आपली कमाल गरज सांगतो आणि तिच्यावर थोडी भर घालतो. प्रकाशयोजनेचा पुरवठादार तेच करतो. दोन्ही कमाल गरजा एकाच क्षणी येतील असे मानून विजेचा कंत्राटदार त्यांची बेरीज करतो, स्वतःची भर घालतो आणि गुदामात उपलब्ध असलेला त्यापुढचा मोठा संच पाठवतो. कार्यक्रम बंद पडला तर दोष आपल्यावर येऊ नये, ही प्रत्येकाची काळजी रास्तच आहे. पण तिचा परिणाम असा होतो की संच आपल्या क्षमतेच्या एक-चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी भारावर दिवसरात्र धडधडत राहतो. कमी भारावर इंजिन पुरेसे तापत नाही, इंधन अर्धवट जळते, न जळलेले तेलकट अवशेष धुराड्यात साठतात आणि दर युनिटमागे डिझेल जास्त लागते.

पहाटे चार वाजताच्या रंगमंचाचे चित्र मांडून पाहिले, कारण दिवसाच्या सरासरीत ते दिसत नाही. गाणे थांबून तीन-चार तास झालेले असतात. चालू काय असते? पहारेकऱ्यांचे काही दिवे, कलाकारांच्या खोलीतले दोन-तीन फ्रिज, दव पडू नये म्हणून ध्वनी-मिश्रणयंत्राजवळ ठेवलेला एखादा उष्मक, कोणी तरी बंद करायला विसरलेला पडद्याचा एक भाग. सगळे मिळून १२ किलोवॅट धरू. त्यांच्यासाठी ४०० केव्हीएचा, म्हणजे सुमारे ३२० किलोवॅट देऊ शकणारा संच चालत असतो. भार चार टक्क्यांच्याही आत, आणि डिझेल तासाला १५ लिटरच्या आसपास. आठ तासांत १२० लिटर जळते आणि उपयोगात ९६ युनिट येतात. तीच ९६ युनिटे योग्य भारावर चालणाऱ्या संचाने दिवसा बॅटरीत भरून ठेवली असती, तर बॅटरीतली गळती धरूनही ३५ लिटरमध्ये काम भागले असते. एका संचामागे, एका रात्रीत सुमारे ८५ लिटर. आणि मोठ्या महोत्सवात असे संच डझनांनी असतात.

म्हणून हिशेबवहीत वीज विभागाचा पहिला प्रश्न ‘इंधन कोणते?’ हा नसून ‘गेल्या वेळी दर पंधरा मिनिटांना भार किती होता?’ हा ठेवला आहे. ज्याच्याकडे हे उत्तर नाही, त्याने सौर पॅनेलचा विचार पुढच्या वर्षावर टाकावा आणि या वर्षी फक्त मापनयंत्रे लावावीत, अशी स्पष्ट सूचना लिहिली.

२० फेब्रुवारी २०२५

इंधनाचा प्रश्न आज घेतला. एचव्हीओ या नावाने ओळखले जाणारे, वनस्पती तेले आणि वापरलेले खाद्यतेल यांपासून हायड्रोजनच्या प्रक्रियेने बनवलेले इंधन बहुतेक डिझेल संचांत काहीही न बदलता चालते आणि त्याचे संपूर्ण जीवनचक्रातले उत्सर्जन डिझेलच्या तुलनेत ९० टक्क्यांपर्यंत कमी धरले जाते. इंग्लंडमधील ग्लास्टनबरी महोत्सवाने २०२३ साली जीवाश्म इंधनाऐवजी अशाच पाम तेलविरहित इंधनाचा, सौर विजेचा आणि बॅटरींचा वापर केला. खाद्यपदार्थांच्या काही गाड्यांना वीज पुरवण्यासाठी त्या वर्षी तेथे एक तात्पुरती पवनचक्कीही उभारली होती.

माझे मत थोडे सावध आहे. हे ९० टक्के कच्चा माल कुठून आला यावर अवलंबून आहेत. वापरलेले खाद्यतेल जगात मर्यादितच आहे, ते मागणीनुसार वाढवता येत नाही, आणि ताजे पाम तेल त्यात मिसळले गेले तर जंगलतोडीचा हिशेब उलटा आपल्यावरच येतो. शिवाय चार टक्के भारावर चालणारा संच एचव्हीओ भरला तरी चार टक्के भारावरच चालतो. म्हणून क्रम असा लावला : आधी मापन, मग संचांची संख्या आणि क्षमता कमी करणे, मग बॅटरीची जोड, आणि शेवटी उरलेल्या लिटरांसाठी इंधनबदल. मैदानाशेजारी विजेची उच्चदाब वाहिनी असेल आणि तेथे दरवर्षी कार्यक्रम होणार असेल, तर कायमची जोडणी घेणे या सगळ्यापेक्षा सरस ठरते. पण तो निर्णय मैदानाच्या मालकाच्या संमतीवाचून होत नाही.

सायकल मारून वीज निर्माण करण्याच्या उपक्रमावर एका सहकाऱ्याने वेगळी ओळ मागितली. माणूस सातत्याने सायकल मारतो तेव्हा साधारण ७५ ते १०० वॅट देतो. शंभर सायकली सतत चालल्या, तरी १० किलोवॅटच्या पुढे जात नाहीत, म्हणजे वर सांगितलेल्या पहाटेच्या निजलेल्या रंगमंचालाही त्या पुऱ्या पडणार नाहीत. श्रोत्यांना वीज म्हणजे किती कष्ट, हे अंगाने कळते, हा उपयोग मान्य आहे. तो खर्च मात्र प्रबोधनाच्या खात्यात दाखवावा, विजेच्या नव्हे.

११ मार्च २०२५

पेल्यांचा विषय लोक समजतात तितका सोपा नाही. अनामत रक्कम घेऊन परत वापरता येणारा पॉलिप्रॉपिलीनचा पेला देणे ही आता अनेक महोत्सवांत रुळलेली पद्धत आहे. असा पेला एकदाच वापरायच्या पेल्यापेक्षा जाड असतो, त्यात प्लास्टिक जास्त लागते, आणि तो धुण्यासाठी पाणी, उष्णता व वाहतूक लागते. त्यामुळे तो किती वेळा फिरतो यावर सारे अवलंबून आहे. हिशेब सरळ आहे. दर फेरीला ८० टक्के पेले परत येत असतील, तर एक पेला सरासरी पाच वेळा वापरला जातो. ९० टक्के येत असतील तर दहा वेळा, आणि ९५ टक्के येत असतील तर वीस वेळा. शेवटच्या पाच टक्क्यांनी आयुष्य दुप्पट होते.

हे लक्षात घेतले की पेल्यावर महोत्सवाचे बोधचिन्ह, कलाकारांची यादी आणि वर्ष छापण्याची हौस महागात पडते. सुंदर पेला लोक आठवण म्हणून घरी नेतात, अनामत सोडून देतात, आणि आयोजकाला त्यात फायदाही दिसतो. जो घरी गेला तो पेला एकदाच वापरला गेला. शिवाय वर्ष छापलेले असेल, तर उरलेला साठा पुढच्या वर्षी बाद होतो. मार्गदर्शिकेत ‘पेला कोरा आणि कंटाळवाणा असावा’ असे वाक्य लिहिले. ते तसेच ठेवायचे ठरले.

विघटनशील म्हणून विकल्या जाणाऱ्या पीएलए या वनस्पतीजन्य प्लास्टिकच्या पेल्यांविषयी सावधगिरीची सूचना घातली. त्यांना कुजण्यासाठी साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास तापणारे औद्योगिक खतप्रकल्प लागतात. तसा प्रकल्प हाताशी नसेल, तर ते साध्या कचऱ्यासारखेच पडून राहतात, आणि पारदर्शक पीईटी बाटल्यांत मिसळले तर त्यांचा पुनर्वापरही बिघडवतात.

ग्लास्टनबरीने २०१९ साली एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांतून पेय विकणे बंद केले. अशी बंदी कागदावर एका ओळीची असते, पण तिच्यामागे नळ लागतात. एक माणूस बाटली भरून बाजूला होईपर्यंत पंधरा सेकंद धरली, तर एका नळावर तासाला २४० जण होतात. दोन कार्यक्रमांच्या मधल्या तासात २०,००० लोकांना पाणी भरायचे असेल, तर ८४ नळ हवेत, आणि तेही मैदानाच्या एका कोपऱ्यात नव्हे. बाटल्या बंद करून नळ अपुरे ठेवले, तर उन्हाच्या दिवशी ती आरोग्याची समस्या होते. म्हणून हिशेबवहीत बाटलीबंदीची ओळ नळांच्या संख्येशी बांधून टाकली आहे. नळांचा आकडा भरल्याशिवाय बंदीपुढे ‘होय’ लिहिता येत नाही.

१९ मार्च २०२५

सोडून दिलेल्या तंबूंबद्दल ब्रिटनमधील स्वतंत्र महोत्सवांच्या संघटनेने २०१९ साली मोहीम काढली होती. तिच्या अंदाजानुसार तेथे दरवर्षी सुमारे अडीच लाख तंबू मैदानांवर तसेच पडून राहतात. एक सरासरी तंबू साडेतीन किलोचा, बहुतांश प्लास्टिकचा असतो, म्हणजे पेय पिण्याच्या प्लास्टिकच्या ८,७५० नळ्यांइतका. नळ्यांवर जितकी चर्चा झाली तिच्या निम्मी तरी तंबूंवर व्हायला हवी होती. मागे ठेवलेले तंबू गरजूंना दिले जातात, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ओले, चिखलाळलेले, मोडक्या काठ्यांचे तंबू गोळा करून, सुकवून, घडी घालून पाठवण्याइतके हात शेवटच्या सकाळी नसतात आणि बहुतेक तंबू कचऱ्यात जातात. भाड्याने तंबू देणे आणि परत नेलेल्या तंबूवर अनामत परत करणे, हे दोन उपाय नोंदवून पुढे गेलो.

२ एप्रिल २०२५

स्वच्छतागृहांचा विभाग. नियोजनाच्या बैठकांत हा विषय शेवटी येतो आणि लवकर संपवला जातो, म्हणून आम्ही त्याला पुरेसा वेळ दिला.

नमुना महोत्सवात ५०,००० माणसे तीन दिवस राहतात. दिवसाला माणशी दीड लिटर धरले, तर २,२५,००० लिटर मूत्र जमा होते. एका प्रौढ माणसाच्या मूत्रातून दिवसाला सुमारे ११ ग्रॅम नत्र बाहेर पडते. म्हणजे तीन दिवसांत १,६५० किलो. शरीराबाहेर पडणाऱ्या नत्रापैकी साधारण चार-पंचमांश आणि स्फुरदापैकी निम्म्याहून अधिक मूत्रातच असते. हे शेतात गेले तर खत आहे, ओढ्यात गेले तर विष. मूत्रातला युरिया फुटून अमोनिया होतो आणि तो माशांना थोड्या प्रमाणातही बाधतो.

झाडाआड उभे राहणाऱ्यांमुळे काय होते, याचा चांगला पुरावा ग्लास्टनबरीजवळच्या व्हाइटलेक नदीतून मिळतो. बँगोर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ च्या महोत्सवाच्या आधी, दरम्यान आणि नंतर मैदानाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला पाण्याचे नमुने घेतले. खालच्या अंगाला कोकेन आणि एमडीएमए या अमली द्रव्यांचे प्रमाण वाढलेले आढळले, आणि कोकेनचे प्रमाण तेथील संरक्षित युरोपीय ईल माशांना अपाय होऊ शकेल इतके होते. एमडीएमए मात्र महोत्सव संपल्यानंतरच्या आठवड्यात सर्वाधिक होते. म्हणजे मैदानात मुरलेले मूत्र हळूहळू पाण्याला मिळत राहते. दरवाजे बंद झाले, पताका उतरल्या, तरी नदीच्या दृष्टीने महोत्सव चालूच असतो. या अभ्यासामुळे आम्ही पाण्याच्या तपासणीचा कालावधी महोत्सवानंतर किमान दोन आठवडे ठेवला.

उलट्या बाजूचे उदाहरण डेन्मार्कमधील रॉस्किल्डे महोत्सवाचे. तेथे २०१५ साली ५०,००० लिटरहून अधिक मूत्र वेगळे गोळा करून बार्लीच्या शेतांना खत म्हणून दिले गेले आणि त्या बार्लीपासून २०१७ साली बीअर तयार झाली. बातम्यांत विनोदच जास्त झाला. आमच्या कामाचा भाग वेगळा आहे : वेगळ्या मुताऱ्या असल्या, की मूत्र मैल्यापासून व रसायनांपासून अलग राहते, त्याला वास कमी येतो, आणि शेतकऱ्याशी आधी करार असेल तर टँकरच्या फेऱ्यांना काही अर्थ राहतो. निळ्या रसायनाच्या शौचालयांतून निघालेला माल मात्र लांबच्या प्रक्रिया केंद्राकडेच न्यावा लागतो. लाकडाचा भुसा टाकून चालवायच्या खतशौचालयांचे तत्त्वही रसायनांशिवाय खत मिळवण्याचेच आहे. भुशातला कर्ब आणि मैल्यातले नत्र यांचे प्रमाण जुळले, की कुजण्याची क्रिया हवेशीर राहते. पोर्तुगालमधील बूम महोत्सव आणि ग्लास्टनबरी येथे ही पद्धत मोठ्या प्रमाणावर चालते, तेव्हा ती लहान मेळाव्यांपुरतीच आहे ही शंका घेण्याचे कारण उरलेले नाही.

एक व्यावहारिक बाब. मुताऱ्या फक्त पुरुषांसाठी उभारल्या, तर हा हिशेब निम्म्यावर येतो आणि स्त्रियांच्या रांगा तशाच राहतात. स्त्रियांसाठीच्या वेगळ्या मुताऱ्यांची संख्या हिशेबवहीत सक्तीची केली आहे.

१० एप्रिल २०२५

जमीन. ओल्या मातीवरून जड वाहन एकदा गेले, तरी मातीतल्या पोकळ्या दबतात, पाणी मुरत नाही, आणि ते नुकसान भरून यायला वर्षे लागतात. जर्मनीतील वाकन महोत्सवाने २०१७ साली सुमारे सात किलोमीटर लांबीची बीअरची वाहिनी जमिनीखालून टाकली. तिची चेष्टाही झाली आणि कौतुकही, पण तिच्यामुळे मैदानावरून फिरणाऱ्या टँकरच्या फेऱ्या टळल्या, हा तिचा खरा उपयोग. त्याच महोत्सवाला २०२३ साली सततच्या पावसामुळे प्रवेश थांबवावा लागला आणि तिकीट असूनही हजारो लोक आत येऊ शकले नाहीत.

ग्लास्टनबरीचे मैदान एरवी दुभत्या गाईंचे कुरण असते, आणि जमिनीला उसंत मिळावी म्हणून तेथे ठरावीक वर्षांनी महोत्सव भरवत नाहीत; २०१८ हे असे वर्ष होते आणि पुढचे २०२६ ठरले आहे. नेवाडातील वाळवंटात भरणाऱ्या बर्निंग मॅनची शिस्त वेगळ्या प्रकारची आहे. सरकारी जमीन-विभागाच्या तपासणीत उरलेला कचरा सरासरी एकरी एक चौरस फुटाहून जास्त भरता कामा नये, अशी अट आहे. कार्यकर्ते रांगेने चालत जमीन विंचरतात आणि कोणत्या छावणीने किती कचरा मागे ठेवला, याचा रंगीत नकाशा प्रसिद्ध होतो. नाव घेऊन नकाशा छापण्याची ही कल्पना आम्ही जशीच्या तशी उचलली आहे. विक्रेत्यांच्या जागांसाठी ती विशेष लागू पडेल.

१६ एप्रिल २०२५

खाद्यपदार्थांची ओळ लवकर आटोपली. इंग्लंडमधील शांबाला महोत्सव २०१६ पासून मांस-मासेविरहित आहे, आणि त्याने हे करूनही गर्दी टिकवली. गोमांस आणि मेंढीचे मांस वगळले, तरी या ओळीतली बरीचशी कपात साधते. संपूर्ण शाकाहाराचा आग्रह धरायचा की नाही, हे आयोजकावर सोडले आहे. उरलेल्या अन्नाचे काय करायचे, हे मात्र विक्रेत्याला आधी सांगावे लागते.

२९ एप्रिल २०२५

आज करारांच्या मसुद्यावर बसलो, आणि गेल्या तीन-चार महिन्यांतल्या जवळजवळ सर्व नोंदी येथे येऊन मिळाल्या. विजेच्या कंत्राटात पैसे संचाच्या क्षमतेवर मिळत असतील, तर कंत्राटदार मोठा संच आणणार. मोजलेली युनिटे आणि वाचवलेले इंधन यांवर मोबदल्याचा काही भाग ठेवला, तर तोच माणूस लहान संच सुचवू लागेल. सफाईचे कंत्राट टनावर असेल, तर कचरा कमी होण्यात कंत्राटदाराचे नुकसान आहे. या दोन कलमांची भाषा तयार केली.

कलाकारांच्या करारातले एक कलम बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. या महोत्सवात गाणाऱ्याने आधीचे आणि नंतरचे काही महिने ठरावीक अंतराच्या आत दुसरीकडे गाऊ नये, अशी अट अनेक आयोजक घालतात. तिकीट विकले जावे म्हणून ती घालतात, हे समजण्यासारखे आहे. पण तिच्यामुळे कलाकाराला जवळजवळची गावे एका ओळीत घेता येत नाहीत, तो एका खंडातून दुसऱ्या खंडात एकेका कार्यक्रमासाठी विमानाने उडत राहतो, आणि त्याचे सामानही. श्रोत्यांना रेल्वेने या असे सांगणाऱ्या महोत्सवाने आपल्या मुख्य कलाकारावर ही अट लादावी, यात मला तरी सरळ विसंगती दिसते. अट पूर्ण काढणे शक्य नसेल, तर अंतर आणि काळ दोन्ही कमी करावेत, असे लिहिले. आमच्या गटातले कार्यक्रम-नियोजन पाहणारे सहकारी यावर अजून नाराज आहेत. त्यांचे वेगळे मत तळटीप न करता मजकुरातच छापायचे ठरले.

आयएसओ २०१२१ या मानकाचाही उल्लेख केला. लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने २०१२ साली आलेले आणि २०२४ मध्ये सुधारलेले हे मानक कार्यक्रमांच्या शाश्वत व्यवस्थापनाची चौकट देते. ते उत्सर्जनाची कोणतीही संख्यात्मक मर्यादा घालून देत नाही, तेव्हा प्रमाणपत्र मिळाले म्हणजे भार कमी झाला असे समजू नये, एवढे एक वाक्य पुरेसे वाटले.

२० मे २०२५

हिशेबवहीच्या ओळींचा क्रम आज कायम केला. विषयवार मांडणी सोडून ती आता निर्णयाच्या वेळेनुसार लावली आहे. सर्वांत वर मैदानाची निवड आणि विजेची जोडणी, त्याखाली कलाकारांचे करार, मग तिकिटाचा अर्ज आणि वाहनतळ, मग पुरवठादारांची कंत्राटे, आणि अगदी खाली कचऱ्याचे डबे, सूचनाफलक व स्वयंसेवक. उत्सर्जनाच्या टनांची बेरीज बाजूला मांडून पाहिली, तर वरच्या तीन गटांतच बहुतेक सारे संपते. आयोजकाने पर्यावरण समन्वयक नेमायचा असेल, तर तो मैदान ठरण्याआधी नेमावा, ही शिफारस पहिल्या पानावर घेतली.

दोन कामे उरली आहेत. प्रवासाच्या ओळीत सध्या आमचे ठोकळ दर आहेत. त्यांच्या जागी तिकीट तपासणीच्या वेळी विचारायचे तीन प्रश्न (कुठून आलात, कशाने आलात, वाहनात किती जण होतात) छापील पट्टीच्या रूपात द्यायचे आहेत. आणि विजेच्या कंत्राटदारांकडून पंधरा मिनिटांच्या भाराच्या नोंदी मागवण्याचे पत्र तयार आहे. जे नोंदी देणार नाहीत त्यांच्या संचांसाठी हिशेबवही २० टक्के भार गृहीत धरून इंधन मोजेल. पत्रे या आठवड्यात जातील.